तयार गेमिंग पीसी की पार्ट्स आणून असेंबल? आतेभावाच्या पीसीचं पूर्ण प्रकरण

२०२४ च्या शेवटी शेवटी माझ्या आतेभावाला गेमिंग पीसी घ्यायचा होता आणि त्याच सुमाराला त्याच्या वर्गातल्या मित्रालाही, दोघांचं बजेट जवळपास सारखं, दोघांनी घेतलेले मॉनिटरही सारखेच म्हणजे १४४०पी (पडद्यावर किती ठिपके ते) आणि १६५ हर्ट्झ (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं ते), आणि शेवटी मित्राने तयार डबा घेतला तर आमच्या साहेबांनी पार्ट्स आणून घरी असेंबल केला. मला ही दोन्ही मशीनं आतून बाहेरून बघायला मिळाली, घेताना पण आणि पुढे वर्षभर वापरात असताना पण, म्हणून सगळं एका जागी लिहून काढतेय. कारण "प्रीबिल्ट घेऊ की असेंबल करू" असं कोणी विचारलं की लोक दोन ओळीत उत्तर देऊन मोकळे होतात आणि विचारणारा होता तिथेच राहतो.

माझं मत आधीच सांगते. दोन्हीतला खरा फरक एकूण रकमेत फारसा नसतोच, तो असतो डब्यावर जे छापलेलं नसतं त्यात. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅमचे जीबी, एसएसडीचे जीबी एवढं सगळे मोठ्या अक्षरात छापतात. एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा भाग) कुठला, मदरबोर्ड (ज्यावर सगळे पार्ट्स जोडतात तो) कुठला, रॅमच्या किती स्टिक आणि कुठल्या वेगाच्या, कॅबिनेटमध्ये हवा कुठून शिरते, हे कोणी छापत नाही, आणि दोन वर्षांनी मशीन तुमच्या कामाचं राहणार की नाही ते यावरच ठरतं.

किमती रकमेत देत नाही, त्या सारख्या बदलत असतात. आमच्या असेंबल यादीची एकूण रक्कम विंडोजच्या लायसन्ससकट १०० धरते आणि बाकीचं त्या हिशोबात सांगते.

गरज काय होती

आतेभाऊ मुख्यतः व्हॅलोरंट खेळतो, सुट्टीत सायबरपंक २०७७ सारखे जड गेम, आणि अभ्यासक्रमात ब्लेंडर (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) आहे त्यामुळे रेंडरिंग, म्हणजे अंतिम चित्र तयार करणं, पण होतं. मॉनिटर आधीच ठरलेला होता आणि हे महत्त्वाचं आहे, कारण लोक उलटं करतात, आधी पीसी घेतात आणि मग उरलेल्या पैशात बसेल तो मॉनिटर. १०८०पी म्हणजे साधारण २० लाख ७० हजार पिक्सेल, १४४०पी म्हणजे जवळपास ३७ लाख, म्हणजे प्रत्येक फ्रेमला कार्डाला पावणेदोन पटीहून जास्त काम. तेव्हा १४४०पी मॉनिटर घेतलात की पैसा कुठे जायला हवा ते तिथेच ठरलं, ग्राफिक्स कार्डात. व्हॅलोरंटसारखा गेम प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतो हे खरं, पण तो इतका हलका आहे की सहा कोरचा कुठलाही नवा प्रोसेसर १६५ फ्रेम सहज काढतो.

दोघांच्याही समोर पहिला पर्याय होता एका मोठ्या कंपनीचा तयार गेमिंग डबा. त्याच्यावर लिहिलेलं: इंटेलचा आय७-१४७००एफ प्रोसेसर, एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० ८ जीबी ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी डीडीआर५, १ टीबी एसएसडी, विंडोज ११, समोर चकचकीत काच आणि लाइट. आमच्या १०० च्या हिशोबात किंमत ९७. बघणाऱ्याला वाटतं की आय७ आहे, वीस कोर आहेत, अजून काय पाहिजे.

आतेभावाने मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, आय७ मिळतोय ना, तू उगाच रायझन ५ का सांगतेयस?" मी एएमडीचा सहा कोरचा रायझन ५ सुचवला होता. प्रश्न बरोबर होता, नाव बघितलं तर कोणीही तेच विचारेल. पण हे प्रकरण म्हणजे नाकापेक्षा मोती जड. ४०६० हे ११५ वॅटचं कार्ड, १२८ बिटची मेमरी बस (कार्डाच्या मेमरीकडे जाणारा रस्ता), मेमरीचा वेग सेकंदाला २७२ जीबी. आमच्या यादीतलं आरटीएक्स ४०७० म्हणजे १९२ बिट, १२ जीबी, सेकंदाला ५०४ जीबी, आणि कार्डातले छोटे कोर ३०७२ च्या जागी ५८८८. १४४०पी वर जड गेम खेळायचा तर वीस कोरचा प्रोसेसर बसून राहतो आणि बिचारं कार्ड धापा टाकतं. आमच्या यादीत कार्डावर एकूण रकमेतले चाळीसेक टक्के जात होते, त्या डब्यात पाव भागाच्या आसपास. पैसे तेवढेच, फक्त भलत्या ठिकाणी लावलेले, कारण आय७ हे नाव दुकानातून जाणाऱ्या माणसाला कळतं आणि मेमरी बस कळत नाही.

मॅन्युअलमध्ये सापडलेल्या गोष्टी

इथे एक गोष्ट सांगते जी फार कमी लोक करतात. मोठ्या कंपन्या आपल्या बऱ्याचशा मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल साइटवर ठेवतात, टेक्निशियनसाठी असतं पण कोणालाही पीडीएफ उतरवता येते. आम्ही ते उघडून बसलो, आणि जाहिरातीत जे कुठेच नव्हतं ते तिथे चित्रासकट होतं.

एसएमपीएस ४६० वॅटचा, आकार एटीएक्स या नेहमीच्या मापाचा नाही, कार्डासाठी एकच ८ पिनांची केबल. मदरबोर्डवर नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टरच नाही, कंपनीचा स्वतःचा वेगळा. पॉवर बटण आणि पुढच्या यूएसबीच्या वायरी पण वेगळ्या जोडणीच्या. म्हणजे उद्या मोठं कार्ड घालायचं म्हटलं तर मोठा एसएमपीएस लागणार, बाजारातला साधा एसएमपीएस त्या बोर्डाला लागणार नाही, म्हणून बोर्ड बदलायचा, तर बाजारातला बोर्ड त्या कॅबिनेटला नीट बसणार नाही, म्हणून कॅबिनेट बदलायचं. शेवटी जुन्यातलं प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी एवढंच हातात राहतं.

४६० वॅट ४०६० साठी पुरतात, त्यात कंपनीने काही फसवलेलं नाही. मशीन जसं आहे तसं चालवलं तर ते ठीक चालेल. पण स्लॉटमधून ७५ वॅट आणि ८ पिनांच्या एका केबलीतून १५० वॅट, एवढीच कार्डाला मिळणारी वीज, आणि ४०७० साठी एनव्हिडिया स्वतः ६५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. दार तिथे बंद होतं.

रॅमबद्दल मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं की या कॉन्फिगरेशनला एक स्टिक येते. १६ जीबीची एकच. आता हे लोकांना क्षुल्लक वाटतं पण नाहीये. मेमरी दोन चॅनलने चालते, एकच स्टिक लावली की निम्मा रस्ता रिकामा. डीडीआर५-५६०० ची एक स्टिक सेकंदाला ४४.८ जीबी देते, दोन लावल्या की ८९.६. कोणी म्हणेल डीडीआर५ ची एक स्टिक आतल्या आत दोन भागात विभागलेली असते, हो असते, पण ते दोन भाग ३२-३२ बिटचे असतात, एकूण ६४ च. गेममध्ये याचा परिणाम सरासरी फ्रेमपेक्षा मधेच बसणाऱ्या हिसक्यांमध्ये जास्त जाणवतो, आणि व्हॅलोरंट खेळणाऱ्याला नेमकं तेच नको असतं.

अजून एक, १४७००एफ ला टर्बोमध्ये (म्हणजे पूर्ण वेगात) २१९ वॅटपर्यंत जायची मुभा इंटेलने दिलीये, पण त्या डब्यातला कूलर बघितला तर हाताच्या मुठीएवढा, समोर काच, हवा शिरायला बाजूला एक फट. वीस कोर पूर्ण जोरात पळायची वेळ आली की तो गरम होऊन वेग कमी करणार. आणि २०२४ मध्येच इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरतेचं प्रकरण बाहेर आलं होतं, ऑगस्टमध्ये ०x१२९ नावाचा मायक्रोकोड (प्रोसेसरचं आतलं सॉफ्टवेअर) आला, इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १४७००एफ त्या यादीत होता. डब्यातून आलेला प्रोसेसर असेल तर त्याच्या वॉरंटीसाठी पीसी बनवणाऱ्या कंपनीकडे जावं लागतं, हे पण लक्षात ठेवायचं.

हे सगळं दोघांना एकत्र बसवून सांगितलं. मित्राने तरीही तोच घेतला. मी त्याला नावं ठेवत नाही, त्याचं कारण सरळ होतं: त्याला आठवड्याभरात मशीन हवं होतं, घरी कोणाला यातलं काही कळत नाही, आणि बिघडलं तर घरी माणूस येऊन दुरुस्त करून जाणार ही तीन वर्षांची हमी त्याला महत्त्वाची वाटली. अपग्रेड करणार नाही म्हणाला.

दुसरा तयार पर्याय, जो वाईट नव्हता

प्रीबिल्ट म्हटलं की सगळे वरच्यासारखेच असतात असं नाही. बाजारात मिळणारे नेहमीचे सुटे पार्ट्स जोडून विकणारे असेंबलर असतात, त्यांच्या मशीनमध्ये काहीही उद्या बदलता येतं. असा एक पर्याय आम्ही बघितला, रायझन ५ ७६००, बी६५० मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर५, आरटीएक्स ४०७०, १ टीबी एसएसडी, ६५० वॅट "ब्रॉन्झ" एसएमपीएस. किंमत १०९.

मी आतेभावाला म्हटलं, तू स्वतः त्यांना मेल कर आणि प्रत्येक पार्टचं पूर्ण नाव आणि मॉडेल नंबर लेखी माग. फोनवर नाही, लेखी. उत्तर बऱ्यापैकी आलं. बोर्डाचं नाव दिलं, कार्डाचं दिलं, एसएसडीचं पण दिलं. रॅमच्या पुढे लिहिलं "३२ × १", वेग ४८००, आणि एसएमपीएसच्या पुढे परत तेच, ६५० वॅट ८० प्लस ब्रॉन्झ. पाणी मुरतं ते इथे. ८० प्लस हे प्रमाणपत्र फक्त एवढंच सांगतं की भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती आत पोचते आणि किती उष्णता होऊन वाया जाते. त्यात कपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट झालं तर तो वेळेवर बंद पडतो का, यातलं काही येत नाही. ब्रॉन्झ लिहिलेला उत्तम एसएमपीएस पण असतो आणि ब्रॉन्झ लिहिलेला भंगार पण असतो, म्हणून मॉडेलचं नाव लागतं. कुठल्याही यादीत एसएमपीएसचं नाव टाळलेलं दिसलं की मी तिथे थांबते.

परत विचारल्यावर त्यांनी मॉडेल सांगितलं, बरं होतं, आणि रॅम १६ च्या दोन स्टिक, ६००० वेगाच्या करून द्यायलाही तयार झाले, थोडे वर घेऊन. म्हणजे एकूण १११ च्या आसपास. मी आतेभावाला स्पष्ट सांगितलं की तुला हात लावायची भीती वाटत असेल तर हा घे, यात काही गैर नाही, वरचे ११ हे जोडणीचे आणि एकाच ठिकाणी तक्रार करायच्या सोयीचे. तो दोन दिवस विचार करून म्हणाला, "ताई, तू शेजारी बसणार असशील तर मी करतो." त्या ११ मधून त्याला २ टीबीची एसएसडी दिसत होती हे पण तितकंच खरं.

आमची यादी मग अशी ठरली: तोच रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, १६ च्या दोन स्टिक डीडीआर५-६००० सीएल३०, ४०७०, चौथ्या पिढीची एनव्हीएमई एसएसडी, ७५० वॅट गोल्ड एसएमपीएस ज्याचे चांगले खोलवर केलेले रिव्ह्यू वाचून झाले होते, आणि समोर जाळी असलेलं कॅबिनेट. याच पैशात एएमडीचं १६ जीबीचं आरएक्स ७८०० एक्सटी येत होतं आणि नुसत्या गेमसाठी मी तेच सांगितलं असतं, पण ब्लेंडरमध्ये एनव्हिडियाचं ऑप्टिक्स (कार्डावर रेंडरिंग करायचं तंत्र) एवढं पुढे आहे की ४०७० वर शिक्का बसला. रायझन ज्यात बसतो ते एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची जागा) २०२२ मध्ये आलंय आणि एएमडीने २०२७ पर्यंत आणि पुढेही त्याला साथ द्यायचं जाहीर केलंय, तर त्या डब्यातलं इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट १४ व्या पिढीवर संपलं होतं, नवीन १८५१ बाजारात आलं पण होतं.

जोडणी

जोडणीबद्दल जी भीती असते त्यातली बरीचशी निराधार आहे, कनेक्टर चुकीच्या जागी सहसा बसतच नाहीत. पण काही जागा खरंच नाजूक आहेत आणि त्याच सांगते.

एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटमध्ये असतात, १७१८ बारीक पिना. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि वरून सरळ ठेवून द्यायचा, दाबायचं काही नाही, सरकवायचं तर मुळीच नाही. मग दांडा खाली आणताना जो जोर लागतो तो ऐकून माणूस घाबरतो, कुरकुर आवाज येतो. आतेभाऊ अर्ध्यात थांबला, "अगं तुटेल ना!" म्हणून माझ्याकडे बघत. नाही तुटत, तेवढा जोर लागतोच, त्याने परत दाबला आणि वरचं काळं प्लास्टिकचं झाकण टक करून आपोआप उडून बाहेर आलं. ते झाकण टाकायचं नाही, बोर्ड वॉरंटीला पाठवायची वेळ आली तर सॉकेटवर ते लागतं.

७६०० सोबत येणारा रेथ स्टेल्थ कूलर चार स्क्रूंचा आहे आणि बोर्डवर आधीपासून जे दोन प्लास्टिकचे ब्रॅकेट असतात ते काढावे लागतात, नेमकं इथे नवख्यांचं घोडं अडतं कारण कूलर बसतच नाही. ब्रॅकेट काढले, मागची पट्टी तशीच राहू दिली, आणि चारही स्क्रू एकदम न पिळता तिरपे समोरासमोर, थोडा हा थोडा तो असं करत आवळले. पेस्ट कूलरला आधीच लावलेली येते, तिला बोट लावायचं नाही. रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पॉवर बटणाच्या त्या बारक्या वायरी तेवढ्या वैताग देतात, बोर्डाच्या पुस्तकातलं चित्र समोर ठेवून टॉर्चच्या उजेडात लावल्या.

सगळं झाल्यावर बटण दाबलं, पंखे फिरले आणि स्क्रीन काळी. बोर्डवर डीरॅम नावाचा छोटा दिवा पेटलेला. आतेभावाचा चेहरा पडला, "गेलं वाटतं." मी म्हटलं हात लावू नकोस, बंद करू नकोस, नुसता बस. डीडीआर५ वर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमबरोबर आपला वेग आणि वेळ जुळवून बघत असतो, मेमरी ट्रेनिंग म्हणतात त्याला, आणि एएम५ वर याला कितीतरी मिनिटं लागू शकतात. खूप जण इथेच घाबरून बंद करतात, रॅम काढून परत लावतात, आणि ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू होतं. थोड्या वेळाने दिवा विझला आणि बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) आला.

बायोसमध्ये रॅमचा वेग ४८०० दिसत होता. हे बरोबरच आहे, ६००० ची रॅम विकत घेतली म्हणून ती आपोआप ६००० वर चालत नाही, एएमडीवर एक्स्पो आणि इंटेलवर एक्सएमपी हे रॅमच्या वेगाचं सेटिंग चालू करावं लागतं. पण त्याआधी बायोस नवीन केला. २०२३ मध्ये एएम५ वर काही प्रोसेसर जळल्याची प्रकरणं झाली होती, एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरच्या एसओसी नावाच्या भागाचं व्होल्टेज नको तेवढं वर नेत होते, मग एएमडीने बायोसमधून ते १.३ व्होल्टवर अडवलं. दुकानात पडून असलेला बोर्ड किती जुन्या बायोसचा आहे सांगता येत नाही, तेव्हा आधी बायोस, मग एक्स्पो.

विंडोज टाकताना बोर्डाचं वायफाय ओळखलं जात नाही असं बऱ्याचदा होतं, म्हणून त्याचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवला होता. आणि मॉनिटरची केबल कार्डाला, बोर्डाला नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगते कारण ७६०० मध्ये छोटं इनबिल्ट ग्राफिक्स असतं, बोर्डाला केबल लावली तरी चित्र व्यवस्थित येतं, आणि मग एवढं महागडं कार्ड घेऊन गेम का रखडतायत ते कळत नाही. मित्राच्या १४७००एफ मध्ये इनबिल्ट ग्राफिक्सच नाही, एफ चा अर्थच तो, त्यामुळे त्याची ही चूक व्हायची सोयच नव्हती.

पण त्याच्याकडे दुसरी गोष्ट सापडली. त्याच्या घरी गेले तेव्हा त्याचा गेम बघून काहीतरी खटकत होतं, डिस्प्ले सेटिंग उघडलं तर १६५ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चालू. ६० ला एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १६५ ला सहा. इतके महिने तो तसाच खेळत होता. माउस हलवून बघितला आणि पोरगं एकदम शांत बसलं. हे कंपनीचं काम नव्हतं, पण स्वतः जोडणाऱ्याला या सेटिंगपर्यंत जावंच लागतं आणि तयार घेणाऱ्याला कोणी सांगत नाही.

वर्षभरात काय झालं

आधी मित्राचं, कारण ते प्रीबिल्टच्या बाजूचं आहे. त्याची एसएसडी एके दिवशी गेली, मशीन सुरूच होईना. त्याने एक फोन केला, माणूस घरी आला, नवीन लावून विंडोज टाकून गेला. पैसे शून्य, डोक्याला ताप शून्य, फक्त डेटा गेला, आणि डेटा कुठल्याच वॉरंटीत परत येत नाही. ही सोय खरी आहे आणि तिची किंमत असते, असेंबलवाल्या मंडळींनी ती कमी लेखू नये.

आता आमचं. काही महिन्यांनी आतेभावाचं मशीन ब्लेंडर चालू असताना मधेच निळ्या स्क्रीनने बंद पडायला लागलं, कधी दिवसात दोनदा, कधी चार दिवस काहीच नाही. असा बिघाड सगळ्यात वाईट. मी फोनवर होते, त्याने स्वतः एक एक करत शोधलं. आधी एक्स्पो बंद केलं, तरी बंद पडतंय. मग मेमटेस्ट८६ (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावलं, लाल ओळी, म्हणजे रॅममध्ये चुका. मग एक स्टिक काढून एकीवर चालवलं, नंतर खाच तीच ठेवून दुसरी स्टिक. एक स्टिक खराब निघाली. जो मुलगा दांडा दाबताना घाबरत होता त्याने हे सगळं एकट्याने केलं, आणि मला या पूर्ण प्रकरणात हे सगळ्यात जास्त आवडलं.

पण पुढचं पण सांगायला हवं. जोडी म्हणून विकलेली रॅम बहुतेक वेळा जोडीनेच परत मागतात, कारण दोन्ही स्टिक एकत्र तपासून विकलेल्या असतात. दोन्ही पाठवल्या की मशीनमध्ये रॅमच नाही. बदली यायला आठवडे गेले आणि तेवढे दिवस पीसी टेबलावर नुसता उभा, सबमिशन कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊन केलं. मित्राकडून उसनी घ्यावी तर त्याच्याकडेही एकच स्टिक. स्वतः असेंबल करायचं ठरवलंत तर हा काळ गृहीत धरा. प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी, प्रत्येकाचं बिल वेगळं, प्रत्येकाचा सिरियल नंबर वेगळा. आतेभावाने पहिल्याच दिवशी सगळ्या खोक्यांवरच्या सिरियल नंबरचे फोटो काढून बिलांबरोबर एका फोल्डरमध्ये ठेवले होते, त्यामुळे निदान तिथे धावपळ झाली नाही.

मित्राला आता मोठं कार्ड हवंय. अपग्रेड करणार नाही म्हणाला होता तेव्हा मनापासूनच म्हणाला होता, पण ८ जीबी मेमरी १४४०पी वर नव्या गेमना अपुरी पडायला लागली, टेक्स्चर कमी करून खेळावं लागतं आणि शेजारी आतेभावाचा पडदा दिसतो. मॅन्युअलमधलं ते चित्र त्याला तेव्हा दाखवलंच होतं, तेच परत उघडलं. एसएमपीएस बदलता येत नाही, म्हणून कार्ड नाही. कंपनीचाच मोठा एसएमपीएस त्या मॉडेलला येतो का ते त्याने विचारलं, त्या कॉन्फिगरेशनला नाही असं उत्तर आलं. निदान दुसरी १६ जीबीची स्टिक टाकून दोन्ही चॅनल चालू करू म्हटलं, स्वस्तातलं आणि लगेच फरक दिसणारं काम, तर ते त्याने परीक्षेनंतर बघू म्हणून पुढे ढकललं आणि तेवढ्यात २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी बनवणाऱ्यांनी सगळा माल तिकडे वळवला, मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रूशियल हा सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर करून टाकलं.

यामुळे माझ्या वरच्या १०० च्या हिशोबाला पण धक्का बसलाय, आणि आत्ता कोणी विचारलं तर मी डोळे झाकून असेंबल कर म्हणणार नाही. असेंबलरकडे जुन्या भावात घेतलेली रॅम पडून असेल तर त्याचं तयार मशीन आपल्या सुट्या यादीपेक्षा स्वस्त पडू शकतं, २०२१ च्या आसपास ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ होता तेव्हाही नेमकं असंच झालं होतं, सुटं कार्ड मिळेना आणि तयार पीसीत ते सरळ भावात येत होतं. तेव्हा हिशोब दर वेळी नव्याने मांडायचा: तयार मशीनमधल्या प्रत्येक पार्टचं लेखी नाव घ्यायचं, तेच पार्ट्स सुटे घेतले तर किती ते विंडोजसकट जोडायचं, आणि फरक दहा बारा टक्क्यांच्या आत असेल, एसएमपीएस आणि बोर्ड नेहमीच्या मापाचे असतील, तर तयार घ्यायला माझी काही हरकत नाही. बोर्ड किंवा एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचा असेल तर मात्र कितीही सूट असू दे, गेमिंगसाठी नको.

मित्रापुरतं सध्या असं ठरलंय की डब्याला हात लावायचा नाही, घरी येऊन दुरुस्तीची हमी अजून आहे तोवर आहे तसा वापरायचा. टेक्स्चर मध्यमवर, डीएलएसएस (कमी ठिपक्यांचं चित्र मोठं करून दाखवायची एनव्हिडियाची सोय) क्वालिटीवर, फ्रेम ९० वर अडवून ठेवलेत, म्हणजे हिसके कमी बसतात. हमी संपली की प्रोसेसर आणि एसएसडी ठेवून बाकी सगळं नवीन, बोर्ड साधा एलजीए १७०० चा डीडीआर५ वाला, म्हणजे ती एकुलती स्टिक पण वापरता येईल. यादी आतेभाऊ करतोय, आणि पहिल्या ओळीत त्याने एसएमपीएसचं पूर्ण मॉडेल नाव लिहिलंय.